येळवशीचा अर्धा कागद

शेजारच्या बिराजदारबाईंनी आज सकाळी आंबिलाचा तांब्या आणून दिला. बाई मूळच्या औशाकडच्या. नांदेडला येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली, शेत भावांकडे राहिलं, पण मार्गशीर्षातली अमावस्या आली की त्या फ्लॅटच्या गॅलरीत पाच खडे मांडतात, त्यांना चुना लावतात आणि जिन्यातल्या प्रत्येक दाराला आंबील पोचवतात. "काका, येळवस हाय. शेत न्हाई तर न्हाई, उभ्याउभ्या तर प्या," म्हणाल्या. मी उभ्याउभ्या प्यायलो. ज्वारीच्या पिठाचं, ताकातलं, लसणाच्या वासाचं ते आंबट-गार आंबील घशात एका ठरावीक जागी अडलं. दर वर्षी तिथंच अडतं. डॉक्टरांना मी ती जागा कधी दाखवलेली नाही. त्यांना सापडायची नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागतं. लातूरच्या माणसाला सांगितलं तर तो रागावेल. त्या दिवशी लातूर शहराला कुलूप असतं. दुकानं बंद, अडत बंद, शाळेत मास्तरही नाहीत आणि पोरंही नाहीत. सगळं गाव रानात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, हरभरा-तुरीच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा नैवेद्य दाखवायचा आणि मग वाटेनं जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख विचारायची नाही, जात विचारायची नाही. निदान जेवण होईपर्यंत. शहराच्या रस्त्यांवर त्या दिवशी फक्त कुत्री आणि बदलून आलेले अधिकारी दिसतात.

मी बदलून आलेला होतो, पण अधिकारी नव्हतो. ओव्हरसियर होतो. म्हणजे त्या दोघांच्या मधला.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा झाला त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या जिल्ह्याचं नव्या सुनेसारखं असतं: जे करील ते पहिलंच. पहिलं पुष्पप्रदर्शन, पहिली क्रीडास्पर्धा, पहिली दिनदर्शिका. कोनशिलांचा धंदा करणाऱ्या गवंड्यानं त्या दोन वर्षांत माडी चढवली असं लोक म्हणायचे. माझ्या कचेरीत खुर्च्या आल्या नव्हत्या, पण पाटीवर 'जिल्हा' हा शब्द रंगवून झाला होता. आम्ही पाटीखाली उभं राहून काम करायचो.

आणि पाऊस नव्हता. सलग दुसरं वर्ष. मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत. नळाला पाणी कधी येईल हे विचारणं लोकांनी सोडून दिलं होतं. टँकर दिसला की बायका आधी पळत आणि मग घागर शोधत. गावोगावचे तलाव तळाला भेगाळून पडलेले. त्या सगळ्या कोरड्या मुलखात पाणी म्हणावं असं पाणी एकाच ठिकाणी होतं, आणि ते माझ्या ताब्यात होतं. ते शहराचं सांडपाणी होतं.

शहराच्या खालच्या अंगाला आमच्या खात्यानं चार तलाव बांधले होते, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. पहिल्यात गाळ बसायचा. त्याचं वर्णन करत नाही. दुसरा हिरवा, शेवाळाचा. तिसऱ्यात पाणकणसं लावलेली, त्यांच्या मुळांतून पाणी गाळून चौथ्यात यायचं, आणि चौथ्यात आभाळ दिसायचं. खालच्या शेतांना ते पाणी सोडत. माझं काम रोज दोनदा बांधावरून फिरायचं, पातळी मोजायची आणि नोंदवहीत लिहायची. नोंदवहीला शेवटचा रकाना होता 'शेरा' नावाचा. त्यात काय लिहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. शहरातला एकही माणूस नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिकडे येत नसे, त्यामुळे बोलायला कुणी नाही. मी शेऱ्यात पाखरं लिहू लागलो.

थंडी पडली तशी ती यायला लागली. जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर मला पक्ष्यांचं एक पुस्तक मिळालं होतं, मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे लेखकाची ओळख आजतागायत नाही. त्यातली चित्रं बघून मी नावं जुळवायचो. फावड्यासारख्या चोचीचा तो थापट्या. शेपटीला टोक काढलेलं ते तलवार बदक. कपाळावर पांढरा टिळा लावलेला, कुरकुर्‍या स्वभावाचा चांदवा. आणि काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी तांबडं असं बोट लावल्यासारखं ठसठशीत असलेलं ते हळदीकुंकू बदक, जोडीनं फिरणारं. सकाळच्या उन्हात चौथ्या तलावावर पाणी कमी आणि पाठी जास्त दिसायच्या. मी लिहिलं: 'बदके मुबलक.' दुसऱ्या दिवशी लिहिलं: 'बदके अतिशय मुबलक, बसण्यास जागा पुरेना.' मला तो शब्द आवडला होता. दुष्काळात मुबलक असं लिहायला मिळणारा जिल्ह्यात मीच एकटा असेन.

त्या शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता. तो पुढे कळला, एका रविवारी.

चौथ्या तलावाच्या बांधाला लागून काशिनाथअप्पांचं शेत होतं. तलावाखालची जमीनही एके काळी त्यांचीच, सरकारनं घेतली. अप्पा लिंगायत, सत्तरीच्या आसपासचे, उंच, पांढरा पटका, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. घरात कांदा-लसणालाही सोमवारी सुट्टी. आमच्या चौथ्या तलावाचं पाणी घेणारे ते पहिले शेतकरी. भावकीनं नावं ठेवली. अप्पा म्हणाले, "अरे, ढगातलं पानी तरी कुठून येतंय? त्ये बी कुणाचं तरी वापरूनच गेलेलं हाय की." त्या साली सगळा शिवार करपला आणि अप्पांची ज्वारी तेवढी हिरवी उभी राहिली. मग भावकी कणसं मागायला आली.

अप्पांना पाखरांबद्दल काही खुळं प्रेम होतं असं नाही. ज्वारीवर चिमण्या उतरल्या की ते अस्सल शिव्या देत गोफण फिरवायचे. तळ्यावरच्या बदकांना मात्र 'पाव्हणी' म्हणत. "कुठून आल्यात, काय खाल्लंय, कुणाला ठावं? आपल्या दारात आल्यात ना, झालं," असा त्यांचा विचार. संध्याकाळी बांधावर येऊन बसायचे. मला म्हणायचे, "मास्तर, आज कोन आलंय?" मी पुस्तकातली नावं सांगायचो, ते प्रत्येक नावाला मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा पाव्हणीच म्हणायचे.

मास्तर हे त्यांनीच दिलेलं नाव. अप्पा निजामाच्या राज्यात शिकले, चार यत्ता, उर्दूत. सही उर्दूत करायचे, झोकदार, उजवीकडून डावीकडे. घरात थोडं कानडी, बाजारात मराठी; पण टंकलेखन केलेला मराठी सरकारी कागद त्यांच्या डोळ्यांना लागत नसे. म्हणून वीज मंडळाचं पत्र असो, सोसायटीची नोटीस असो, सुनेच्या माहेरचं आमंत्रण असो, कागद घेऊन बांधावर यायचे आणि माझ्यापुढे धरायचे. "वाचा." जो वाचून दाखवतो तो मास्तर, इतकं साधं ते होतं. मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांना वाचून दाखवताना मला माझा आवाज आवडायचा. कबूल करायला हवं.

आमचे साहेब तेव्हा नुकते आले होते. खात्याचं नाव सांगत नाही, साहेबांचं तर नाहीच. ते आता हयात नाहीत आणि वाईट माणूसही नव्हते. त्यांना फक्त कार्यक्रम लागायचा. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की तिकडे सांडपाण्याच्या अशाच बांधीव पाणथळींवर लोकांना परवाने देऊन बदकांची शिकार करू देतात. त्या काळी आपल्याकडेही लहान शिकारीचे परवाने कायद्यानं मिळत. साहेबांनी नवं मंडळ स्थापन केलं, त्याच्या अध्यक्षपदी एका बंदुका बाळगणाऱ्या कंत्राटदाराला बसवलं, आणि उपक्रमाला नाव दिलं 'पाणपक्षी विरळीकरण व क्रीडा महोत्सव'. मराठवाड्यात पहिलाच. नव्या जिल्ह्यात दुसरं काय असणार?

माझी नोंदवही त्यांच्याकडे गेली आणि मला बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "या शेऱ्यातल्या नोंदी तुमच्या? छान लिहिता हो तुम्ही. रसिक आहात." मग मला जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसवून तलावावर नेलं. मागे दोन इंजिनियर बसले होते. मागे!

त्यांनी मला धमकी दिली असती, अर्धापूरला, माझ्या गावी, बदली करून देतो असं आमिष दाखवलं असतं, तर आज सांगायला काहीतरी बरं झालं असतं. तसं काहीच झालं नाही. 'रसिक' म्हणाले आणि पुढची जागा दिली. माणसाची किंमत काय असते हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पण मी वाऱ्यानं उडणारे केस सावरत होतो.

बंदुकांचा कार्यक्रम म्हणजे लगतच्या शेतकऱ्याचं ना-हरकत पाहिजे. साहेबांनी कागद टाइप करून दिला. "तो म्हातारा तुमच्या ओळखीचा आहे म्हणे. घेऊन टाका सही."

सही घ्यायला मी येळवशीचा दिवस निवडला. त्या दिवशी अप्पा आनंदात असतील हा माझा हिशेब. चोरालाही मुहूर्त लागतो.

दुष्काळातली येळवस ती. आजूबाजूच्या रानांत कोप्या होत्या, पण पेरलेलं काही नव्हतं. लोक ढेकळांत बसून जेवत होते. अप्पांची कोपी मात्र हिरव्या ज्वारीत. शंभर पावलांवरून मला बघून त्यांनी पटका हलवला. "या मास्तर, या! शरणु शरणु! वाट बघायलो की तुमची. हात धुवा." सुनेनं पत्रावळ मांडली. भज्जीत त्या वर्षी हरभरा नव्हता, तूर कुठून तरी मूठभर मिळवलेली. "औंदा भज्जीत पानीच लई, गोड मानून घ्या," असं ती म्हणाली. मी तीनदा मागून घेतली. आंबील मातीच्या बिंदग्यात गार झालेलं. बांधापलीकडे तळ्यावर पाखरांचा कलकलाट चालला होता. अप्पांनी एक उंडा मोडून अर्धा बांधाकडे भिरकावला. "त्यांची बी येळवस," म्हणाले.

जेवण झाल्यावर मी खिशातून कागद काढला.

"वाचा," म्हणाले, आणि नेहमीसारखे डोळे मिटून बसले.

कागदावर दोन परिच्छेद होते. पहिला मी वाचला. तलाव परिसरातील पाणपक्ष्यांकडे खात्यानं लक्ष पुरवावं, बांधावर गुरं सोडायला मनाई असावी, कडेनं बाभळी लावाव्यात. सगळ्या अप्पांच्याच सूचना, मीच साहेबांना सांगितलेल्या. त्यांनी कौतुकानं वरती घातल्या होत्या. अप्पांच्या चेहऱ्यावर डोळे मिटूनच समाधान पसरलं. "ब्येस," म्हणाले. "पुढं?"

मी दुसऱ्या परिच्छेदाकडे बघितलं. अप्पा सुनेला काहीतरी म्हणाले आणि ती आंबिलाचा दुसरा गडवा माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी तो घेतला, एक घोट प्यायलो.

"पुढं सरकारी भाषा आहे अप्पा. तेच तेच."

"मग कुठं दस्कत करू?"

मी बोट ठेवलं. माझी सही मी आधीच करून आणली होती.

रविवारी सकाळी दुसऱ्या तलावाच्या बांधावर मांडव पडला. कनात, कमान, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, पाहुण्यांसाठी गुलाबपाण्याचा शिडकावा; तो वास आणि पहिल्या तलावाचा वास एकमेकांत मिसळून जे झालं ते मला अजून लग्नाच्या मांडवात आठवतं. आदल्या दिवशी अप्पांनी विचारलं होतं, "मास्तर, तंबू कशाचा?" मी म्हणालो, "साहेबांचा कार्यक्रम आहे." तेही खरंच होतं. अर्धं.

बंदुका टेबलावर ओळीनं मांडून त्यांची पूजा झाली. नारळ फुटला. दुनळ्यांना हळदकुंकू लावलं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात पर्यावरणाचा समतोल असा शब्द तीनदा वापरला. परवानाधारक नागरिक छातीला बिल्ले लावून चारी बांधांवर पसरले. त्यांत दोघेचौघे खरे शिकारी, बाकीचे बंदूक लग्नात हवेत झाडणारे. माझी जागा मांडवात दुसऱ्या रांगेत. पायात नवे बूट. या दिवसासाठीच घेतलेले.

पहिला बार झाला आणि चौथ्या तलावावरचं सगळं पाणी उठलं असं वाटलं. पंखांचा आवाज इतका मोठा की दुसरा बार ऐकू आला नाही, नुसता धूर दिसला. काही पडली. बाकीची वर गेली, एक मोठा वळसा घेतला, दूर गेली, पार ठिपके झाली. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "संपलं वाटतं." पाहुणे हिरमुसले.

आणि ती परत आली.

खाली उतरली, त्याच पाण्यावर, बंदुकांच्या मधोमध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आली, आली! पुन्हा आली!" पुन्हा बार. पुन्हा उठली, वळसा घेतला, ठिपके झाली, परत आली. किती वेळा झालं हे मी मोजलं नाही. मोजणं माझं काम होतं. मांडवात कुणीतरी म्हणालं, "काय नशीब आहे साहेब, जागा सोडायलाच तयार नाहीत." तेव्हा मला माझा शब्द कळला. मुबलक! अख्ख्या मुलखात बसायला ओंजळभर पाणी उरलं नव्हतं म्हणून होती नव्हती ती सगळी इथं होती. ती जास्त नव्हती. तेवढीच होती. हे मी रोज दोनदा बांधावरून बघत होतो, सगळे तलाव कोरडे पडल्याचं रोज पेपरात वाचत होतो, आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी रसिक होतो.

मग एक घोटाळा झाला, जो आपल्याकडेच होऊ शकतो. बार थांबले, बक्षीस समारंभ जाहीर झाला, आणि पडलेली बदकं आणायची कुणी हा प्रश्न उभा राहिला. वळसा घेताना बार लागून बरीचशी वरच्या तलावांत पडली होती, काही थेट पहिल्यात. पाण्यात उतरायला कुणी तयार नाही. सांडपाणी आहे हे सगळ्यांना आत्ता आठवलं. कंत्राटदार अध्यक्ष म्हणाले, "अन् खायची तरी कुनी? गटारातलं बदक हाय ते." एवढा महोत्सव झाला, मासिकं वाचून झाली, आणि खायचं कुणी हे विचारायचं राहिलं होतं.

साहेबांनी मारुतीकडे बघितलं. मारुती पहिल्या तलावात शिरणाऱ्या सांडपाण्याच्या जाळीवरचा कामगार. रोज सकाळी ती जाळी साफ करायचा. त्याच्याकडेच का बघितलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मारुतीलाही. "ए, जा रे आत. घेऊन ये."

मारुती खांद्यावरचा पंचा नीट करत म्हणाला, "साहेब, माझी डूटी जाळीवर हाय. तळ्यात उतराची आर्डर दावा."

"अरे, मी सांगतोय ना?"

"तुमी मारलं, तुमी आना. मी कशाला तुमच्या बक्षिसाच्या आड येऊ?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं. पहिल्या तलावात, बांधापासून दहा हातांवर, एक हळदीकुंकू बदक एका पंखानं पाणी मारत गोल फिरत होतं. आवाज येत होता, फट, फट, धुणं आपटल्यासारखा.

तेवढ्यात अप्पा आले. बार ऐकून शेतातून चालत आले असावेत. त्यांनी मांडव बघितला, टेबलावरच्या हळदकुंकवाच्या बंदुका बघितल्या. कुणाला काही विचारलं नाही. पायताण काढलं. धोतर खोचलं. गळ्यातली लिंगाची डबी दोरीसकट वर उचलून पटक्याच्या घेरात खोचली, म्हणजे तिला पाणी लागणार नाही. आणि पहिल्या तलावात उतरले.

ज्या म्हाताऱ्यानं जन्मात अंडं हाताळलं नव्हतं तो कमरेपर्यंत त्या काळ्या गाळात उभा राहून मेलेली बदकं एकेक करून खांद्यावर टाकत होता. एकदा पाय घसरला. तेव्हा मारुती उतरला, आर्डर न बघता. "अप्पा, हात द्या. मला ठावं हाय कुठं खोल हाय त्ये." दोघं मिळून पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले. मांडवातले लोक एकेक करून उठून गाड्यांकडे निघाले. मी एक पाऊल पुढं टाकलं. चिखल बुटाच्या कडेला लागला. मी पाऊल मागं घेतलं.

अप्पा बाहेर आले तेव्हा धोतराच्या ओच्यात दोन जिवंत होती. त्यातलं एक ते हळदीकुंकू. अप्पांच्या अंगाला जो वास येत होता तो मी रोज घ्यायचो, पण माणसाच्या अंगावर कधी घेतला नव्हता. माझ्यापुढे थांबले.

"मास्तर, त्या कागदात ह्ये हुतं?"

"होतं."

"कुठं?"

"खाली. दुसऱ्या परिच्छेदात."

त्यांनी ओच्यातल्या पाखराचा लोंबता पंख आत घेतला. मग म्हणाले, "मला वाटलं तुमचा घसा सुकलाय म्हणून थांबलाव. म्हणून सुनेला म्हनलं, आजून वत." एवढंच. आणि जाताना, पाठमोरे, "इथून पुढं समदं वाचत जावा."

मेलेली पाखरं त्यांनी आणि मारुतीनं शेताच्या बांधाला पुरली. वर विभूतीची चिमूट टाकली. ओच्यातलं एक संध्याकाळी गेलं. हळदीकुंकू जगलं, पण पंख बसला नाही. ते बैलांच्या हौदापाशी राहायचं आणि बैल निघाले की त्यांच्यामागे चालायचं, घरचं असल्यासारखं. त्याचा जोडीदार कोणता होता हे मला कळायला मार्ग नव्हता. पुढच्या रविवारचा कार्यक्रम रद्द झाला. लाज वाटून नाही. पाहुणे मिळेनात, वासामुळे. साहेबांनी अहवालात 'उत्साहात संपन्न' लिहिलं. मी त्या दिवशीच्या शेऱ्यात एकच शब्द लिहिला: 'निरंक.'

अप्पा माझ्याकडे यायचे बंद होतील असं मला वाटलं होतं. झाले असते तर बरं झालं असतं. आठवड्यानं ते बांधावर आले, बँकेचं पत्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "वाचा." मी वाचलं. वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. मी तिथून नांदेडला बदलून येईपर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, ते कागद आणत राहिले. गावात वाचणारी दुसरी माणसं होती. त्यांचा नातूसुद्धा तोवर वाचायला शिकला होता. तरी माझ्याकडेच आणायचे. ती क्षमा होती की शिक्षा, हे मी ठरवू शकलेलो नाही. अप्पांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कागद वाचायचा हुता म्हणून आणला.

हे सगळं आज लिहायचं कारण आंबील एकटं नाही. गेल्या रविवारी इथल्या पक्षीमित्रांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. 'ज्येष्ठ पक्षीनोंदकार' अशी माझ्यासाठी एक नवी जात काढली. महिन्याभरापूर्वी एक संशोधक मुलगी घरी येऊन जुन्या नोंदींचे फोटो काढून घेऊन गेली होती. नोंदवह्यांच्या माझ्या हातानं केलेल्या नकला मी जपून ठेवल्या आहेत. मी रसिक आहे. तिनं लातूरच्या वहीवर बोट ठेवून विचारलं, "सर, आदल्या दिवशी अतिशय मुबलक, दुसऱ्या दिवशीही थोडे आहेत, आणि मधल्या या रविवारी निरंक? हे कसं काय?"

चांगली हुशार मुलगी. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणारी.

मी म्हणालो, "त्या दिवशी धुकं होतं."

तिनं ते लिहून घेतलं. आणि गेल्या रविवारी मानपत्रात, टाळ्यांच्या गजरात, तेच वाचलं गेलं: 'धुक्याच्या एका दिवसाचा अपवाद वगळता सरांच्या नोंदीत कधीही खंड पडला नाही.' दुष्काळातल्या लातूरला, जिथं हवेत थेंब नव्हता, मी एका सकाळपुरतं धुकं पाडलं होतं. पुढं सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी उरलेलं मानपत्र वाचत नाही," आणि माइक माझ्या हातात दिला. माझ्या कोटाच्या खिशात त्या येळवशीच्या कागदाची कार्बन प्रत होती. वाचायचीच म्हणून नेली होती. समोर खुर्च्यांना पांढऱ्या खोळी होत्या. मी आभार मानले आणि खाली बसलो. शालीखाली तो कागद छातीला टोचत राहिला.

अप्पा जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. त्यांच्या पद्धतीनं त्यांना शेतातच समाधीत बसवलं, पाखरांच्या शेजारी. हा लेख मी त्या मुलीला पाठवणार आहे, म्हणजे तिला 'निरंक'च्या जागी काय लिहायचं ते कळेल. पण आधी एक काम राहिलं आहे. तांब्यात घोटभर आंबील उरलं आहे, ते तसंच ठेवतो. कार्बन फिकट झालाय, तरी अक्षर लागतंय. अप्पा, दुसरा परिच्छेद वाचतो.

'सदर तलावांवर पाणपक्षी मुबलक असल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. सबब, परवानाधारक नागरिकांस रविवारी सकाळी चारही बांधांवरून बंदुकीने सदर पक्ष्यांची शिकार करू देण्यास लगतदार शेतकरी या नात्याने माझी कोणतीही हरकत नाही. वरील संपूर्ण मजकूर मला वाचून दाखविण्यात आला असून तो मला समजला व मान्य आहे.'

खाली एकाच ओळीवर दोन सह्या आहेत. 'वाचून दाखविणार' या शब्दांपुढे डावीकडून निघालेली माझी, आणि उजव्या कडेकडून तिच्या दिशेनं येत गेलेली, झोकदार, अप्पांची. मधोमध त्या एकमेकींना टेकल्या आहेत.